नवी भरती, सात दिवस आणि माळरान: एका प्रशिक्षणवर्गाचा हिशेब

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून माळरानावरच्या प्रशिक्षणांचं पेव फुटलंय. माळरानावर काम करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या संस्थांच्या व्हॉट्सॲपवर सारखं एखादं पोस्टर येऊन पडतं. वर लांडग्याचा फोटो, खाली लोगोंची रांग, कोपऱ्यात 'मर्यादित जागा'. त्यातल्याच एका वर्गाला मी आमच्या दोन नव्या पोरांना घेऊन जाऊन आले. एक बारामतीकडची बीएस्सी ॲग्री झालेली मुलगी, दुसरा लातूरकडचा, समाजकार्य शिकलेला. आल्यापासून ओळखीच्या संस्थांतून एकच विचारणा होतेय, "ताई, पाठवावं का आमच्या पोरांना?" प्रत्येकाला फोनवर तेच उगाळण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

घाईत असाल तर एवढंच वाचा. पाठवा, पण रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात पाठवू नका. पाच-सहा महिने माळावर उन्हात फिरू द्या, दोन-चार गावांत बोलणी खाऊ द्या, मग पाठवा. पाचपैकी मी तीन तारे देईन. पूर्ण एक तारा आयोजकांच्या एका पुस्तिकेमुळे गेलाय, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

आयोजक संस्थेचं नाव टाकत नाही. आमचा तिच्याशी कामाचा संबंध येतो आणि पुढेही येणार आहे. शिवाय मी जे लिहितेय त्यातलं बरंचसं अशा कुठल्याही वर्गाला लागू पडेल.

सात दिवसांचा निवासी वर्ग, माणशी १४,५०० रुपये, जीएसटी वेगळा. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा पट्टा, ऑक्टोबरचा शेवट. वर्गात पंचवीसएक जण होते. निम्मे आमच्यासारख्या संस्थांचे, काही जण एका कंपनीच्या सीएसआर विभागातले आणि बाकीचे 'हवामानबदलात करिअर करायचंय' म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे भरून आलेले. जेवण चांगलं. पिठलं-भाकरी, ठेचा, एक दिवस मटण. खोल्या ठीकठाक. चहा मात्र पाणचट, आणि चार वाजता सांगितलेला चहा पाचच्या आत कधी आला नाही.

आता गवताकडे वळते, कारण तिथे या लोकांनी पैसे वसूल करून दिले.

पहिले दोन दिवस एका वनस्पतिशास्त्राच्या बाई होत्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, डोक्याला पंचा, हातात भिंग. त्यांनी पहिल्या सकाळी प्रोजेक्टर लावूच दिला नाही. सगळ्यांना माळावर उकिडवं बसवलं आणि गवत फुलोऱ्याशिवाय कसं ओळखायचं तिथून सुरुवात केली. पातं जिथे काडीला मिठी मारतं तिथली पातळ झिल्ली बघा, पेर बघा, बूड बघा. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. ते एकदा भिंगातून दाखवलं की माणूस जन्मात विसरत नाही. आमचा लातूरचा गडी, ज्याला सकाळी गहू आणि गवत यातला फरक सांगता आला नसता, तो संध्याकाळी पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी वेगळं काढत होता.

नुसती नावं पाठ करून घेतली नाहीत, हे विशेष. कुठलं गवत असलं की माळाची तब्येत कशी समजायची, हे त्यांनी एकेक जागा दाखवत सांगितलं. पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू आणि गोड गवतं दाट असतील तर माळ धडधाकट. चराईचा ताण वाढत गेला की ती मागे हटतात आणि कुसळी पुढे सरकते. आणखी ताण पडला की एका पावसापुरतं उगवणारं बारीक गवत उरतं, मधे उघडा मुरूम दिसायला लागतो आणि तरवड माजतो, कारण त्याला मेंढरू तोंड लावत नाही. हे एवढं डोळ्यात बसलं तरी नवीन माणूस गावात पाऊल टाकल्या टाकल्या माळाबद्दल दोन वाक्यं खरी बोलू शकतो.

कुसळीचा त्यांचा प्रयोग तर मी आता आमच्या शाळा-भेटींतही करते. पिकलेलं एक कुसळ तळहातावर ठेवायचं. काळसर, पीळ पडलेलं, टोकाशी सुईसारखं. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. क्षणभर काही होत नाही. मग ते हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागतं. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो आणि अशा पिळानं ते बी मातीत रुतत जातं. सीएसआरवाला एक साहेब तोवर फोनमध्ये होता. त्यानं फोन खिशात टाकला आणि स्वतःच्या मोज्यातलं कुसळ उपटून हातावर घेतलं.

बाईंनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली आणि ती नव्यांना सांगायलाच हवी. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराच्या डोक्यात संवर्धन म्हणजे झाड लावणं हेच असतं. त्यांचा दोष नाही. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्यात आधी ४, मग १३, मग ३३ कोटी असं पन्नास कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य गाजत होतं, तेव्हा ही पोरं शाळेत होती आणि हातात रोप धरून फोटो काढत होती. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही माळाचा मोठा भाग 'पडीक'मध्येच धरला जातो. त्यामुळे उघडा माळ दिसला की खड्डे खणायचे, गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायची, हे अंगवळणी पडलंय. बाईंनी एका जुन्या लागवडीत नेलं. चर खणलेले, झाडं खुरटलेली, मधलं गवत विस्कटलेलं. फार भाष्य केलं नाही. "इथे चंडोल शोधून दाखवा," एवढंच म्हणाल्या. मिळाला नाही. पलीकडच्या उघड्या तुकड्यावर मात्र तो जमिनीवरून उठून वर गात होता. धाविक हा माळावरचा पक्षीही दिसला.

इथपर्यंत पाचपैकी पाच.

तिसऱ्या दिवशी मोजमाप आलं आणि गाडी घसरली.

पद्धत सोपी आहे. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकायची, आतलं गवत विळ्यानं कापायचं, कागदी पिशवीत भरून वजन करायचं, वाळवून पुन्हा वजन करायचं. अशा बऱ्याच चौकटींवरून एका हेक्टरात किती चारा आहे याचा अंदाज बांधायचा. आमचे पाच गट केले. एकाच तुकड्यावर, शेजारीशेजारी चौकटी टाकल्या. संध्याकाळी फळ्यावर आकडे मांडले तर एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. प्रशिक्षक म्हणाले, "नैसर्गिक विविधता आहे." आणि पुढे सरकले.

विविधता कसली डोंबलाची. एका गटानं बुडापासून कापलं होतं, दुसऱ्यानं चार बोटं सोडून. एकानं गेल्या वर्षीचं वाळलेलं काड धरलं होतं, दुसऱ्यानं ते झटकून टाकलं होतं. आमच्या मुलीनं हे तिथल्या तिथे दाखवून दिलं, पण वेळापत्रकात पुढे 'ड्रोनचा वापर' होता. ड्रोन उडाला, फोटो आले, टाळ्या वाजल्या. विळा किती उंचीवर चालवायचा हे मात्र कुणाला कळलं नाही. नव्या माणसाच्या पहिल्या वर्षात ड्रोन येणार नाही हो, विळा येणार.

याला उपाय आहे आणि तो जगभर वापरतात. आधी प्रत्येकानं चौकटीकडे बघून नुसत्या नजरेनं अंदाज लिहायचा, मग तीच चौकट कापून वजन करायचं, आपला अंदाज कितीनं चुकला ते बघायचं, पुढची चौकट. दहा-पंधरा चौकटींत डोळा तयार होतो. मग सगळ्या चौकटी कापायचीही गरज उरत नाही. थोड्या कापायच्या, बाकीच्या नजरेनं धरायच्या आणि कापलेल्यांवरून नजरेचे आकडे दुरुस्त करायचे. यासाठी अख्खा एक दिवस हवा. ड्रोनचा दिवस यात घालता आला असता. आम्ही परत आल्यावर आमच्या माळावर तेच केलं. कापायची उंची ठरवायला विळ्याच्या मुठीशी दोरीचा तुकडा बांधला आणि दोन्ही पोरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले.

आता ती पुस्तिका.

प्रत्येकाला एक रंगीत, गुळगुळीत कागदाची पुस्तिका मिळते. 'कुरण व्यवस्थापन मार्गदर्शिका'. मराठी शुद्ध आहे, फोटो सुंदर आहेत. पण आतलं गणित अमेरिकेतून जसंच्या तसं उचललेलं आहे. तिकडे चराईचं माप 'एक जनावर, एक महिना' असं धरतात. ते जनावर म्हणजे १,००० पौंडांची, साधारण साडेचारशे किलोंची वासराला पाजणारी गाय. तिला दिवसाला २६ पौंड कोरडा चारा लागतो असं धरतात आणि एका गायीबरोबर पाच मेंढ्या मोजतात. उपलब्ध चाऱ्यातला अर्धा खाऊ द्यायचा, अर्धा राखायचा, खाण्याजोग्या अर्ध्याला महिन्याच्या गरजेनं भागायचं की किती जनावरं सोडायची ते निघालं. तिकडे हे चालतं. तिथे चराईचे गट आखलेले असतात, कुंपणं असतात, सरकारी जमिनीवर १९३४च्या टेलर कायद्यापासून परवाने आहेत, कुणाची किती जनावरं किती महिने हे कागदावर असतं.

हेच गणित आपल्याकडे लावून बघा. २६ पौंड म्हणजे पावणेबारा किलोंच्या आसपास. भागिले पाच. एका मेंढीला दिवसाला दोन किलो तीनशे ग्रॅमच्या वर कोरडा चारा! आपली दख्खनी मेंढी जेमतेम पंचवीस-तीस किलोंची. जनावर साधारण आपल्या वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडा चारा खातं. म्हणजे तीस किलोंच्या मेंढीला ७५० ते ९०० ग्रॅम. पाजणारी आहे म्हणून थोडं वाढवा. तरी पुस्तिकेतला आकडा अडीच-तीन पट फुगलेला राहतो.

कागदावरची चूक म्हणून सोडून देता आली असती, पण ही पुस्तिका घेऊन पोरगं उद्या माळावर जाणार. हिशेब करणार, आणि जिथे शंभर मेंढरं निवांत चरू शकतात तिथे पस्तीस-चाळीसच चालतील असं त्याचं उत्तर येणार. मग ते वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर जाऊन ज्याच्या सात पिढ्या मेंढरांमागे गेल्या त्या माणसाला सांगणार, "तुमची मेंढरं जास्त झाली." पुढचं वर्षभर त्या वाड्यावर कुणी चहाला विचारणार नाही, संस्थेच्या कुठल्याच माणसाला. मी हे प्रश्नोत्तरात मांडलं. उत्तर मिळालं, "आंतरराष्ट्रीय मानक आहे, मॅडम."

शिवाय आपल्या गायरानाला कुंपण कुठे असतं? वाडा येतो, दोन दिवस थांबतो, पुढे जातो. मागून गावची गुरं येतात. शेळ्या तर बारमाही. कोण किती दिवस, हे मोजायला त्या पुस्तिकेत रकानाच नाही. आपल्याकडचं साहित्य नाही असंही नाही. झाशीला १९६२ पासून गवत आणि चाऱ्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिचं एक केंद्र धारवाडला आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलचे सुधारित वाण काढलेत, त्याची ठोंबं शेतकरी बांधावर लावतात. एवढं जवळ असताना टेक्सासपर्यंत जायचं कारण काय, कळलं नाही.

मेंढपाळाचं सत्र सहाव्या दिवशी दुपारी होतं. वेळापत्रकात नाव 'अतिथी संवाद'. पाऊण तास. शाल, श्रीफळ, प्लास्टिकची खुर्ची, हातात माईक. सत्तरीचे आबा, लाल पटका, घोंगडी. सूत्रसंचालकानं विचारलं, "तुमच्या जीवनातल्या अडचणी सांगा." आबांनी पावसाचं, कुत्र्यांचं, पोरांना हा धंदा नको वाटतो याचं थोडं सांगितलं. टाळ्या. समूहफोटो.

खरं सत्र त्यानंतर झालं, वेळापत्रकाबाहेर. चहा नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता. आबा आमच्या चौकटींच्या तुकड्याकडे सहज चालत गेले, मी आणि आमची दोघं मागोमाग. त्यांनी वाकून एक खुंट बघितला.

"हितं पवन्या हाय. पर ह्यो मेंढरानं खाल्ल्याला न्हाई."

"कशावरून, आबा?"

"मेंढरू बुडापातूर कापतंय. सरळ. ह्ये बघा, वरनं तुटलंय, येडंवाकडं. जिभंनं वढून तोडलंय, गुरानं."

तीन दिवस आम्ही त्याच तुकड्यावर गुडघे टेकून बसलो होतो. आमच्या नोंदतक्त्यात चराईसाठी एकच रकाना होता, 'आहे / नाही'. कुठल्या जनावरानं खाल्लं हे गवताच्या खुंटावर लिहिलेलं असतं, आणि ते वाचणारा माणूस तोवर आम्हाला कुणी भेटवला नव्हता. पुढे ते कुसळीच्या पट्ट्याशी थांबले. कुसळं पिकायच्या आत, गवत कोवळं असतानाच मेंढरं इथे फिरवायची, म्हणाले. एकदा का कुसळ वाळलं की त्या अंगाला कळप न्यायचाच नाही. लोकरीत अडकतंय, पिळानं कातड्यात शिरतंय, मग जखम, मग किडे. बाईंनी तळहातावर दाखवलेलं तेच कुसळ, तोच पीळ. बाई आणि आबा पहिल्या दिवशी एकत्र माळावर असते तर?

मी विचारलं, "हे माईकवर का नाही सांगितलंत?"

"माईकवर काय दावू, ताई? गवात तर हितं हाय."

आणि एवढ्यात ते निघाले, कारण वाडा हलायचा होता. दिवाळीच्या सुमाराला या भागातले कितीतरी वाडे कोकणाची वाट धरतात, परत येतात ते पावसाच्या तोंडावर. आयोजकांनी तिघा-चौघांना बोलावलं होतं म्हणे, बाकीचे आधीच घाट उतरून गेले होते. मेंढपाळ असायला हवेत तर वर्ग सप्टेंबरात घ्या. तेव्हा गवतही फुलोऱ्यात असतं. हे ठरवायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

कायद्याचं सत्र अनपेक्षितपणे उत्तम. महसुलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आवाज करडा, विनोद जुने, पण माहिती पक्की. त्यांनी प्रत्येकाला एक सातबारा आणि गावनकाशाची झेरॉक्स दिली आणि विचारलं, "तुम्ही उभे आहात ती जमीन कुणाची?" वन विभागाची, गायरान, की कुणाची खाजगी पडीक? माळ डोळ्याला एकच दिसतो, कागदावर मात्र त्याचे तीन मालक असतात. वनात काही करायचं तर वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी या रस्त्यानं जायचं. गायरान असेल तर ग्रामपंचायत, तलाठी, तहसील. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये कशी बघायची, गायरानांबद्दल २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल काय म्हणतो, हे त्यांनी गावातल्या भांडणांची उदाहरणं देत सांगितलं. अभयारण्याचा कागद आणि प्रत्यक्षातलं गवत यांतलं अंतर सांगताना सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण घेतलं. १९७९ साली माळढोकसाठी जाहीर झालेलं अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. शेतं, गावं, रस्ते, सगळं त्यात. लोकांचा रोष वर्षानुवर्षं साचला आणि पुढे ते सव्वाबाराशेच्या आसपास आणावं लागलं. माळढोक तर त्याआधीच दिसेनासा होत चालला होता. दुसऱ्या दिवशी सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात नेलं. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारे निवांत दिसले. पोरांना जे समजायचं ते न सांगता समजलं.

हे सत्र दोन तासांचं होतं. दोन दिवसांचं करा.

लांडग्यानं मेंढरू मारल्यावर काय करायचं यावर एक नाट्यप्रसंग करून घेतला. कल्पना चांगली. पण चिडलेल्या मेंढपाळाची भूमिका इस्त्रीचा टी-शर्ट घातलेल्या प्रशिक्षकानं केली आणि तो तीन मिनिटांत समजूतदार झाला. खरा माणूस तीन तास शांत होत नाही, आणि का व्हावा? नव्या पोराला तिथे दोनच गोष्टी यायला हव्यात. तोंड मिटून ऐकून घेणं, आणि मेलेलं जनावर न हलवता वनरक्षकाला लगेच बोलावून पंचनामा करून घेणं, म्हणजे भरपाई बुडत नाही. भटक्या कुत्र्यांचं प्रकरणही यात यायला हवं होतं. अर्धी मेंढरं कुत्रीच मारतात असं वाड्यावर ऐकू येतं, आणि नाव लांडग्याचं होतं. पुणे भागात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धही झालंय, म्हणजे कुत्र्यांचा प्रश्न लांडग्याच्याही मुळावर आलाय. यावर वर्गात चकार शब्द नाही.

आगीचं सत्र पडद्यावर. पंखा लावलेल्या खोलीत जाळरेषेचे, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याचे फोटो. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात आणि जाळरेषा त्याआधी काढून व्हायला हव्यात, हे सांगितलं, बरोबर आहे. पण वारा फिरला की कुठल्या बाजूनं पळायचं, हे खुर्चीत बसून कसं कळणार? स्थानिक वनमजुरांना दोन तास बोलावलं असतं, त्यांनी एखादा तुकडा गवत काढून, काडीकचरा ओढून जाळरेषा करून दाखवली असती, तर पुरे होतं. सर्पदंशाचंही तसंच. या माळावर फुरसं आहे, दगडाखाली हात घालणारं प्रत्येक नवं पोर धोक्यात आहे, आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष असतं हे सातही दिवसांत कुणी सांगितलं नाही. मी चौकशी करून आमच्या दोघांच्या फोनमध्ये नंबर टाकून दिला.

बायकांसाठी एक स्वतंत्र ओळ. दिवसभर उघड्या माळावर नेताय, आडोसा नाही, गाडी दोन किलोमीटर लांब उभी. पोर्टेबल तंबू तीन-चार हजारांत मिळतो. पुढच्या वेळी घ्या. आमच्या मुलीनं तीन दिवस पाणी कमी पिऊन काढले, ऑक्टोबरच्या उन्हात.

वर्ग संपल्यानंतरचा पाठपुरावा शून्य. 'आजीवन मार्गदर्शन' म्हणून एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, त्यात आता गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळ येते. मध्यंतरी आमच्या मुलीनं एका गवताचा फोटो टाकून विचारलं. उत्तर दिलं ते त्या निवृत्त बाईंनी, रात्री अकराला, चार ओळींत, पुढच्या वेळी बुडाचा फोटो काढ अशी सूचना करून.

माळ वर्षातून निदान तीनदा कूस बदलतो. पावसात वेगळा, दिवाळीला वेगळा, होळीला वेगळा. त्याचं प्रशिक्षण एकदाच सात दिवसांत उरकणं हाच माझा मुख्य आक्षेप आहे. हेच सात दिवस तोडून घ्या ना. तीन दिवस सप्टेंबरात: गवत, चौकटी, आणि मेंढपाळ पहिल्या सकाळपासून सोबत, मानधन देऊन, प्रशिक्षक म्हणून. दोन दिवस जानेवारीच्या शेवटी: जाळरेषा, सातबारा, गायरान. दोन दिवस मे महिन्यात, माळ करपलेला असताना, पाणवठे आटलेले असताना, चाऱ्यावरून भांडणं लागलेली असताना. मधल्या काळात पोरं आपापल्या गावात काम करतील आणि पुढच्या फेरीला खरे प्रश्न घेऊन येतील. हे सगळं अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिलंय. आयोजकांचा फोन आला होता. सप्टेंबरचं जमेल म्हणाले, मानधनाबद्दल 'बघू', पुस्तिकेबद्दल 'छापून झाल्यात'.

तुम्ही जाणार असाल तर घोट्याच्या वर येणारे बूट, जाड मोजे, स्वतःचा विळा आणि ताणकाटा न्या, तिथले दोनच आहेत. पुस्तिकेचं चराईचं प्रकरण चिकटपट्टीनं बंद करून पोरांच्या हातात द्या. आणि फी भरतानाच जीएसटीचं बिल मागून घ्या. आमचं अजून आलेलं नाही आणि ऑडिटवाल्यांचा रोज फोन येतोय.